माहिती मागायची वेळच येऊ नये: कलम ४ नेमकं काय सांगतं

तुमच्या गल्लीतला रस्ता गेल्या वर्षी झाला आणि यंदाच्या पहिल्याच पावसात उखडला, तर आपण काय करतो? नगरसेवकाला फोन लावतो, ग्रुपवर फोटो टाकतो, आणि मग कोणीतरी जाणकार सांगतो की आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका. मग अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची वाट, अर्धवट उत्तर, त्यावर अपील, आणि तोवर त्याच खड्ड्यांवर मुरूम टाकून पुढचं बिलसुद्धा निघालेलं असतं. मला इथे एवढंच सांगायचंय की हा सगळा उशिराचा रस्ता आहे. त्या कामाला बजेटमध्ये किती पैसे धरले, त्यातले किती वाटले गेले, निर्णय कुठल्या साहेबाच्या टेबलावर झाला, हे तुम्ही विचारायच्या आधीच ऑफिसनं स्वतःहून लोकांसमोर ठेवायला पाहिजे असं कायदाच म्हणतो. माहिती अधिकार कायदा म्हटलं की आपल्याला फक्त अर्ज आठवतो, पण त्याच कायद्यात अर्जाच्या कलमाच्या आधी कलम ४ येतं आणि माझ्या मते कायद्याचा जीव त्या कलमात आहे.

तारखा बघितल्या की हे लगेच कळतं. माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १५ जून २००५ ला. पण सगळा कायदा त्या दिवशी लागू नाही झाला. नागरिकांनी अर्ज करायचा भाग १२० दिवसांनी, म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ पासून सुरू झाला. कलम ४ ची ऑफिसांवरची जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून लागू होती आणि त्यात सांगितलं होतं की १२० दिवसांच्या आत ठरवून दिलेली माहिती प्रसिद्ध करा. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात क्रम एकदम स्पष्ट होता, आधी ऑफिसनं आपली माहिती मांडून ठेवायची आणि तरीही काही राहिलं तर मग नागरिकानं अर्ज करायचा. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, प्रसिद्ध करायचं राहून गेलं आणि अर्जांचे ढीग लागले.

कलम ४ च्या पोटकलम २ मध्ये तर हे सरळ लिहिलेलंय. ऑफिसांनी ठराविक काळानं, इंटरनेटसकट वेगवेगळ्या मार्गांनी, स्वतःहून इतकी माहिती देत राहायचा प्रयत्न करायचा की लोकांना माहिती मिळवण्यासाठी या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एखाद्या ऑफिसमध्ये एकाच विषयावर पुन्हा पुन्हा अर्ज येत असतील तर त्याचा अर्थ "लोक त्रास देतात" असा होत नाही, त्याचा अर्थ ती माहिती बाहेर लावायची राहिलीय असा होतो.

हे लागू कोणाला? कायद्यात शब्द आहे सार्वजनिक प्राधिकरण. मंत्रालय, कलेक्टर ऑफिस, तहसील, महापालिका, नगरपरिषद, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत, सरकारी दवाखाना, विद्यापीठ, महावितरण, एसटी महामंडळ हे तर आलेच, आणि सरकारच्या मोठ्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थासुद्धा यात येतात. सहकारी संस्थांबद्दल आपल्याकडे कायम वाद असतो. तिथे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये केरळमधल्या एका केसमध्ये सांगितलं की सहकार कायद्याखाली नोंदणी झाली म्हणून संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण होत नाही, तिच्यावर सरकारचा खरोखरचा ताबा किंवा मोठा पैसा आहे हे दाखवावं लागतं. त्यामुळे तुमची हाउसिंग सोसायटी यात येत नाही, पण तिच्याबद्दलची जी कागदपत्रं उपनिबंधकांच्या ऑफिसमध्ये आहेत ती माहिती अधिकारात मागता येतात.

आता प्रसिद्ध काय करायचं ते. कलम ४(१)(ख) मध्ये यादी आहे, ऑफिसात तिला "१ ते १७ बाबी" किंवा "सतरा मुद्दे" म्हणतात. यातल्या काही बाबी साध्या आहेत, ऑफिसची रचना, काम काय, अधिकाऱ्यांची नावं, जन माहिती अधिकारी म्हणजे माहिती द्यायला नेमलेला माणूस कोण, वगैरे. आपल्याकडे वेबसाइटवर नेमक्या याच बाबी भरलेल्या सापडतात कारण त्यात कोणाचं काही उघडं पडत नाही. खरा मसाला पुढच्या मुद्द्यांमध्ये आहे.

तिसरा मुद्दा घ्या, निर्णय घेताना कुठली पद्धत वापरतात, फाइल कोणाकडून कोणाकडे जाते, देखरेख कोणाची आणि जबाबदार कोण. चौथा, काम करायचे निकष काय ठरवलेत. हे दोन मुद्दे नीट भरलेले असतील तर खिडकीवरचा माणूस "साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या" म्हणतो तेव्हा तुम्हाला माहीत असतं की या कामात साहेबांची सही लागते की नाही, की ते काम खालच्याच टेबलावर संपतं. माणूस हेलपाटे घालतो तो बहुतेक वेळा फाइल कुठंय हेच कळत नाही म्हणून घालतो.

आठवा मुद्दा समित्यांबद्दल आहे आणि याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ऑफिसच्या सल्ल्यासाठी जी मंडळं, परिषदा, समित्या असतात त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांचं इतिवृत्त लोकांना बघायला मिळतं का हे जाहीर करायचं असतं. दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती किंवा तालुक्याची दक्षता समिती, यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये? त्या समित्यांवर आपल्याच भागातली माणसं असतात आणि तरी पत्ता नसतो.

दहावा मुद्दा प्रत्येक अधिकारी आणि कर्मचाऱ्याला मिळणारा महिन्याचा मोबदला. हो, पगार. "पगार ही खासगी बाब आहे" असं उत्तर कोणी दिलं तर त्यांना हा मुद्दा दाखवा, कारण पगार जाहीर करा असं खुद्द कायद्यातच लिहिलंय. पैसा जनतेचा आहे.

अकरावा मुद्दा बजेटचा. प्रत्येक यंत्रणेला किती तरतूद, योजना काय, किती खर्च करायचा विचार आहे, आणि शेवटी किती पैसे वाटले गेले त्याचे अहवाल. हे चारही तुकडे एका जागी असतील तरच त्याला अर्थ आहे. नुसतं बजेट टाकलं आणि खर्चाचा अहवाल नाही टाकला तर ते इच्छांची यादी वाचल्यासारखं होतं. बारावा मुद्दा अनुदानाच्या योजनांचा, त्या कशा राबवल्या जातात, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. तेरावा, ज्यांना सवलती, परवाने किंवा परवानग्या दिल्या त्यांचा तपशील. विचार करा, बांधकाम परवाने, वाळू, खाणी, दारूची दुकानं, जाहिरातीचे होर्डिंग, मंडपाच्या परवानग्या, हे सगळं या एका ओळीत येतं. घाटकोपरला मे २०२४ मध्ये होर्डिंग कोसळून माणसं गेली तेव्हा पहिला प्रश्न सगळ्यांनी हाच विचारला की याला परवानगी कोणी दिली, कुठल्या नियमात दिली. तो प्रश्न होर्डिंग उभं असताना कोणालाही घरबसल्या बघून सोडवता यायला पाहिजे होता.

पंधराव्या मुद्द्यात नागरिकांना माहिती मिळवायला कोणत्या सोयी आहेत, वाचनकक्ष असेल तर त्याची वेळ काय हे लिहायचं. आणि शेवटी, हे सगळं दरवर्षी अद्ययावत करायचं. दरवर्षी. वेबसाइट उघडली आणि तीन साहेबांआधीचं नाव दिसलं तर तिथे कायद्याचं पालन झालेलं नाही, इतकं सरळ आहे ते.

सतरा मुद्द्यांवर चर्चा तरी होते, पण कलम ४ मध्येच अजून दोन छोट्या तरतुदी आहेत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. पहिली ४(१)(ग): लोकांवर परिणाम होणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना त्याच्याशी संबंधित सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची. बस मार्ग बंद करताय, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करताय, बाजार हलवताय, मग त्यामागचे आकडे आणि अहवाल पण समोर ठेवा. नुसता निर्णय सांगून चालत नाही.

दुसरी ४(१)(घ), आणि ही सामान्य माणसाच्या फार कामाची आहे. प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक (म्हणजे अधिकाऱ्यानं कोर्टासारखं ऐकून दिलेल्या) निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणं द्यायची. तुमचं रेशनकार्डातलं नाव वाढवायचा अर्ज नाकारला, घरकुलाच्या यादीतून नाव गेलं, फेरफाराची नोंद रद्द झाली, पेन्शन थांबली, तर "सिस्टीम घेत नाही" किंवा "वरून आलंय" हे कारण होत नाही. कारण लेखी मिळायला पाहिजे, आणि ते देणं ही मेहरबानी नाही. माझ्या आजूबाजूला कितीतरी म्हातारी माणसं बघितलीत जी फक्त "नाही होणार" एवढं ऐकून परत येतात आणि घरी सांगतात की आपल्यातच काहीतरी कमी असेल. त्यांच्यासाठी ही एक ओळ फार मोठी आहे. कारण लेखी मिळालं की चूक कुठंय ते दिसतं, अपील करता येतं, निदान कागद तरी दुरुस्त करता येतो.

बरं, प्रसिद्ध करायचं म्हणजे कुठे? इथे बरीच ऑफिसं "वेबसाइटवर टाकलंय" म्हणून मोकळी होतात. पण कायद्यात पसरवण्याचा अर्थ दिलाय आणि त्यात नोटीस बोर्ड आहे, वर्तमानपत्र आहे, जाहीर घोषणा म्हणजे दवंडी किंवा लाउडस्पीकर आला, रेडिओ-टीव्ही आहे, इंटरनेट आहे आणि ऑफिसात येऊन बघू देणं हेसुद्धा आहे. खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात लोकांपर्यंत पोचायची सगळ्यात परिणामकारक पद्धत कोणती याचा विचार करून माहिती द्या असं पोटकलम ४ सांगतं. म्हणजे मेळघाटातल्या पाड्यावर जिथे नेटवर्कच नाही तिथे पीडीएफ अपलोड करून कर्तव्य संपत नाही, तिथे पंचायतीच्या भिंतीवर आणि शक्य असेल तर कोरकूमध्ये सांगायला पाहिजे. आणि मराठी माणसाला इंग्रजीत स्कॅन केलेली, वाकडी, सर्च न होणारी पन्नास पानांची फाइल देणं हे देखील या कलमात बसत नाही असं माझं ठाम मत आहे. भाषेचा प्रश्न किती खरा आहे हे २०२० मध्ये दिसलं, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत आला होता तेव्हा दिल्ली हायकोर्टानं तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करा असा आदेश दिला होता. ज्यांच्या नदीवर आणि जमिनीवर परिणाम होणार त्यांना ते वाचता तरी आलं पाहिजे ना.

हे सगळं दिल्लीतल्या एसी खोलीत सुचलेलं नाही. राजस्थानात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग यांनी राजसमंदच्या देवडुंगरी गावातून काम सुरू केलं आणि १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं, तेव्हा मुद्दा होता दुष्काळी कामावरच्या मजुरीचा. मजुरी पूर्ण का मिळत नाही याचं उत्तर हजेरीपटात होतं आणि हजेरीपट गुप्त होता. मग डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना इथे पहिली जनसुनावणी झाली, मिळवलेली कागदपत्रं गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवली आणि लोक उभं राहून सांगायला लागले की हा माणूस कामावर नव्हताच, हे काम झालंच नाही. १९९६ ला ब्यावरमध्ये चाळीस दिवसांचं धरणं झालं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा तिथली. आता बघा, तिथे ताकद कशात होती? एकट्या अर्जदाराला मिळालेल्या झेरॉक्समध्ये नव्हती, सगळ्या गावानं एकाच वेळी एकच कागद बघण्यात होती. कारण हजेरीपटातली खोटी नावं फक्त गावच ओळखू शकतं, ऑडिटरला ती नावं म्हणजे नावंच असतात. त्याच राजस्थानात पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू झालं, कलम ४(२) ला धरूनच, आणि त्यात वेगवेगळ्या योजनांची माहिती गाव-वॉर्डापर्यंत अर्ज न करता बघता येते.

आपणही मागे नव्हतो. गोव्यानं १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. महाराष्ट्राचा २००२ चा कायदा केंद्राच्या कायद्याआधीचा, अण्णा हजारेंच्या उपोषणांनी गाजलेला, आणि केंद्राचा कायदा करताना त्याच्या अनुभवाचा उपयोग झाला. त्यामुळे कलम ४ आपल्याकडे कागदावर राहतं तेव्हा जास्त वाईट वाटतं.

आणि अर्जाला पर्याय म्हणून स्वतःहून प्रसिद्धी का हवी याचं सगळ्यात जड कारण सांगतो. अर्ज केला की अर्जदाराचं नाव, पत्ता फाइलवर येतो. ज्याच्याबद्दल माहिती मागितली त्याच्यापर्यंत ते नाव पोचायला वेळ लागत नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, ज्यांनी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढले, त्यांचा १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना खून झाला. त्यांच्याआधी आणि नंतरही या राज्यात माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झालेत. जी माहिती आधीच सगळ्यांसमोर आहे ती मागणारा कोणी एकटा नसतो, त्यामुळे धमकावायलाही कोणी सापडत नाही. गावात सरपंचाच्या विरोधात अर्ज करायला घाबरणारी बाई नोटीस बोर्ड मात्र जाता जाता वाचू शकते. कलम ४ हे भित्र्या, गरीब, वेळ नसलेल्या माणसाचं कलम आहे, आणि बहुसंख्य माणसं अशीच असतात.

मग इतकं चांगलं कलम असून होत का नाही? उत्तर कायद्यातच आहे. अर्जाला वेळेत उत्तर दिलं नाही तर जन माहिती अधिकाऱ्याला कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पण सतरा मुद्दे प्रसिद्ध केले नाहीत म्हणून असा ठरलेला दंड कोणालाच नाही. शिवाय ही जबाबदारी पूर्ण ऑफिसवर आहे, एका माणसावर नाही, आणि जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही असं होतं. बदल्या होतात, माहिती भरणारा क्लार्क जातो, वेबसाइटचं कंत्राट संपतं, पासवर्ड कोणाकडे ते माहीत नसतं. याच्यात सगळीकडे वाईट हेतूच असतो असं नाही, बऱ्याच ठिकाणी माणसं कमी आहेत आणि हे काम कोणाच्या कामाच्या यादीतच नाही. पण काही ठिकाणी, विशेषतः परवाने आणि अनुदानाच्या बाबतीत, ही माहिती बाहेर न येणं काही लोकांच्या फायद्याचं असतं हेही खरं.

यावर थोडे प्रयत्न झालेत. केंद्राच्या कार्मिक विभागानं १५ एप्रिल २०१३ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दहा लाख रुपये आणि त्याहून मोठ्या खरेदीची माहिती, खासगी भागीदारीच्या प्रकल्पांचे करार, आरटीआय अर्ज आणि त्यांची उत्तरं हे वेबसाइटवर टाका आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्या असं सांगितलं. आणि १७ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं किशनचंद जैन यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना, म्हणजे या कायद्याखालची अपीलं ऐकणाऱ्या यंत्रणांना, सांगितलं की कलम ४ चं पालन होतंय का यावर सतत लक्ष ठेवा. म्हणजे आता आयोगाला "हा आमचा विषय नाही" म्हणायची सोय राहिली नाही.

एक आक्षेप हल्ली जास्त ऐकू येतो तो प्रायव्हसीचा. लाभार्थ्यांची नावं टाकली तर त्यांचा वैयक्तिक डेटा उघडा होतो ना? प्रश्न बरोबर आहे आणि तो उडवून लावू नये. आधार नंबर, बँक खातं, आजार, मोबाइल नंबर हे बोर्डावर यायलाच नको, आणि काही ऑफिसांनी निष्काळजीपणे तसं केलेलंही आहे. पण नाव, गाव, योजना आणि रक्कम यापलीकडे गावाला काही लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का हे तिथेच तपासावं लागायचं, आता ते शब्द काढून फक्त वैयक्तिक माहिती एवढंच ठेवलंय. याची काळजी वाटणं साहजिक आहे कारण कुठलाही अधिकारी कुठल्याही नावावर बोट ठेवून नाही म्हणू शकतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कलम ८(२) अजून आहे, म्हणजे माहिती उघड करण्यातलं जनहित मोठं असेल तर ती द्यायला मुभा आहे. दोन, त्या बदलात कलम ४ मधली लाभार्थी आणि परवान्यांची बाब काढलेली नाही. कोणी "नवीन कायदा आलाय, आता यादी देता येत नाही" म्हणालं तर हे दोन मुद्दे लेखी मांडा.

आता आपल्या राज्यातली एक चांगली सोय, जी वापरली नाही तर हळूहळू बंद पडेल अशी मला भीती वाटते. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना जाऊन फाइली बघता येतील अशी पद्धत सुरू झाली, अर्ज नाही, फी नाही. मग २६ नोव्हेंबर २०१८ च्या सामान्य प्रशासन विभागाच्या परिपत्रकानं ती राज्यातल्या जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांना आणि महापालिका, जिल्हा परिषदांनाही सांगितली गेली, सोमवारी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. याचा फायदा असा की झेरॉक्समध्ये जे दिसत नाही ते मूळ फाइलमध्ये दिसतं. टिपणी कोणी लिहिली, कोणी शेरा मारला, एस्टिमेट किती वेळा बदललं, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची जाडी किती लिहिलीय आणि बिल कुठल्या तारखेला निघालं. जाताना ओळखपत्र घ्या, वही घ्या, एकटं जाऊ नका, दोघं-तिघं जा, आणि आवाज न चढवता परिपत्रकाची प्रिंट टेबलावर ठेवा, कारण बऱ्याच ऑफिसांत खालच्या लोकांना याची कल्पनाच नसते.

अर्जाशिवाय मिळणाऱ्या अजून काही गोष्टी वेगळ्या कायद्यांत आहेत. रेशनचं सगळं रेकॉर्ड लोकांसाठी खुलं ठेवायचं असं अन्न सुरक्षा कायदा २०१३ चं कलम २७ सांगतं. ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो त्यात प्रत्येक ऑफिसनं नागरिकांची सनद प्रसिद्ध करायचीय, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात कुठली सेवा किती दिवसांत मिळणार, नाही मिळाली तर अपील कोणाकडे, हे बोर्डावर लावायचंय. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतात, ग्रामसभेला जाण्याआधी घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगून त्या काढून घ्या आणि सभेत वाचा.

आणि माहिती प्रसिद्ध केलेलीच नसेल तर? तर अर्ज करायचाच, पण वेगळ्या पद्धतीनं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यात लिहा की आपल्या कार्यालयाने कलम ४(१)(ख) नुसार प्रसिद्ध केलेली १ ते १७ बाबींची माहिती कुठे उपलब्ध आहे आणि ती शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीख द्या, आणि अमुक वर्षाच्या अकराव्या, बाराव्या, तेराव्या बाबीची प्रत द्या. कारण लिहायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तिथेही काम झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. इथे एक बारकावा आहे जो बरेच जण चुकवतात. लोक चिडून कलम १८ खाली थेट आयोगाकडे तक्रार करतात, पण सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये मणिपूरच्या केसमध्ये सांगितलंय की कलम १८ च्या तक्रारीत आयोग चौकशी आणि दंड करू शकतो, माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. त्यामुळे माहिती बाहेर यायला हवी असेल तर कलम १९ चं अपील करा आणि मागणीत स्पष्ट लिहा की कलम १९(८)(क) नुसार या कार्यालयाला अमुक माहिती कायमस्वरूपी प्रसिद्ध करण्याचा आदेश द्यावा. हा अधिकार आयोगाला आहे. हे वाक्य लिहिलं नाही तर तुम्हाला तुमच्यापुरती झेरॉक्स मिळते आणि केस संपते, लिहिलं आणि आदेश झाला तर पुढच्या वर्षीपासून तीच यादी बोर्डावर लागते आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला अर्ज करावा लागत नाही.

आयोगाकडे अपीलं तुंबलेली असतात, तारीख लागायला फार वेळ जातो, हे आधीच समजून घ्या म्हणजे मध्येच सोडून द्यावंसं वाटणार नाही. तोपर्यंत सोमवारचे ३ ते ५ मोकळे आहेत, आणि ग्रामसभा आहेत. पहिल्यांदा करत असाल तर मोठं प्रकरण हातात घेऊ नका, तुमच्या वॉर्डातल्या किंवा गावातल्या एकाच कामाची तरतूद, दिलेली रक्कम आणि मोजमाप एवढ्या तीन गोष्टी काढा आणि त्या रस्त्यावर जाऊन टेपनं मोजून बघा.